डॉक्टरांच्या गाडीचा डावा हात

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि दर वेळी बायकोला म्हणतो, "ह्या माणसाच्या घराचं वायरिंग तपासायला हवं." दिवे आपोआप लागले, पंखा आपोआप फिरला... अहो, ह्यातलं निम्मं मी स्वतःच्या हातानं केलेलं आहे. लोकांच्या घरी, चुकून. माझा विश्वास करंटवर. तार जोडली की दिवा लागणार, काढली की विझणार. मधे देव नाही, भूत नाही, फार तर गंज. आता हे इतकं छाती काढून सांगून झाल्यावर पुढचं वाचाल, तर तुम्ही माझंच वायरिंग तपासायला निघाल. खुशाल या. मी ते कधीचं तपासून बसलोय.

गोष्ट पन्नास सालानंतरच्या काही वर्षांतली, अंधेरीची. तेव्हा वांद्र्याहून अंधेरीवरून बोरिवलीकडे जाणाऱ्या घोडबंदर रोडवर मोटारी इतक्या कमी की समोरून येणारा ड्रायव्हर ओळखीचा नसला तरी हात करायचा. त्या रस्त्याला लागून एका पत्र्याच्या शेडमध्ये मी आणि आंबोली गावचा पास्कल असे दोघं बसत असू. इंजिन त्याचं, वीज माझी. बॅटरी, डायनॅमो, सेल्फ, हॉर्न, दिवे, जिथे जिथे तार आहे तिथे मी. मी शिकलो कसा म्हणाल तर गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर. पार्ल्याच्या एका वकिलांच्या गाडीत अॅमीटरच्या दोन तारा मी उलट जोडल्या होत्या. अॅमीटर म्हणजे डॅशबोर्डवरचं छोटं घड्याळ. सुई उजवीकडे झुकली तर बॅटरीत करंट येतोय, डावीकडे झुकली तर जातोय. वकीलसाहेब आठवडाभर उजवीकडची सुई बघून खूश, मी त्यांना बघून खूश, आणि बॅटरी मात्र रोज थोडी थोडी मरत होती. ती गेली ऐन वांद्र्याच्या कोर्टाकडे निघताना. पास्कल तेव्हापासून मला 'उलटा दत्तू' म्हणायचा.

दसरा होऊन गेला होता. सकाळची वेळ. शेडसमोर एक टांगा थांबला आणि आरोंदेकर डॉक्टरांच्या पत्नी उतरल्या. डॉक्टरांना सगळी अंधेरी ओळखत होती. राहायला इथे आणि दवाखाना गोरेगावला. रोज सकाळी स्वतःच्या हिरव्या विलायती गाडीतून जायचे, दुपारी जेवायला परत यायचे. गाडी लढाईच्या आधीची, तेव्हाच म्हातारी झालेली, पण डॉक्टर तिला पेशंटसारखी जपायचे. त्या उन्हाळ्यात दवाखान्यातच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

"दत्तू तूच का?" काकू म्हणाल्या. मग माझ्या पँटीकडे बघितलं. बॅटरीच्या अॅसिडनं तिची जाळी झाली होती. "आधी टॉवेल गुंडाळ काहीतरी, मग बोलू."

पास्कल गाडीखाली झोपून हसत होता. त्याचे नुसते पाय हलताना दिसत होते.

काकूंची अडचण साधी होती. मूलबाळ नाही. भाऊ इंदूरला, तो न्यायला येणार. घर सोडायचं, गाडी विकायची. बोरिवलीच्या एका वखारवाल्या शेटनी गाडी पसंत केली होती, पण ती बोरिवलीला पोचतच नव्हती. जोगेश्वरी मागे पडली की थोड्या वेळात सुई डावीकडे, आणि गोरेगावच्या अलीकडे इंजिन बंद. बॅटरी ठार.

"बैल जोडून आणली काल," काकू म्हणाल्या. "शेट म्हणतात, आजी, मी मोटार घेतो आहे की बैलगाडी?"

मी गाडी बघितली आणि पाच मिनिटांत निदान केलं. कट-आउट! डायनॅमो आणि बॅटरीच्या मधे एक छोटी डबी असते, तिच्यात दरवाजासारखे दोन पॉइंट. इंजिन जोरात असलं की दरवाजा उघडतो आणि करंट बॅटरीत जातो. इंजिन मंदावलं की दरवाजा बंद, नाहीतर बॅटरीतला करंट उलट डायनॅमोत वाहून जाईल. पॉइंट चिकटले तर हेच होणार. मी ते घासले, फुंकर मारली, गाडी चालू केली. सुई उजवीकडे, झकास. काकूंना मी कट-आउटवर एक छोटं व्याख्यानही दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे झालं ना?"

"काकू, आता ही गाडी थेट विरारला जाईल."

शेट आले, गाडी घेऊन गेले. दुपारी दोन बैल, एक गाडीवान आणि मागे दोरीला बांधलेली डॉक्टरांची गाडी अशी मिरवणूक शेडसमोरून गेली. शेट आत बसून स्टिअरिंग धरून होते. माझ्याकडे बघून त्यांनी हॉर्न वाजवायचा प्रयत्न केला. वाजला नाही.

"विरार आलं रे, उलट्या," पास्कल म्हणाला.

मग मात्र मी पेटलो. गाडी शेडमध्ये घेतली आणि सगळं उघडलं. डायनॅमोत घासून झिजणारे कार्बन बघितले, चांगले. डायनॅमोच्या दोन टोकांना तार लावून दिवा जोडला, इंजिन जोरात केलं तर दिवा असा पेटला की फुटायचाच बाकी होता. बॅटरी पुढच्या डाव्या सीटखाली होती. सीट उचलून अॅसिड मोजलं, उत्तम. बॅटरीच्या पेटीवर कसल्या तरी सुकलेल्या तपकिरी पाकळ्यांचा थर होता. मी तो फडक्यानं झटकून टाकला. पास्कल म्हणाला, "कसला वास येतोय मॅन? सेंट लावलास काय?" मला अॅसिडशिवाय कसलाच वास येत नसे, आताही येत नाही.

दिवसभर इंजिन चालू ठेवलं. दुकानात गाडी अगदी शहाणी. सुई उजवीकडून हलली नाही.

काकू संध्याकाळी आल्या तेव्हा मी खरं ते सांगितलं. "काकू, हिला काही झालेलं नाही."

"शेटना सांग तसं."

"जिथे बंद पडते तिथेच नेऊन बघायला हवी. रस्त्यावर."

"मग उद्या सकाळी ने. मीही येते," त्या म्हणाल्या. "त्या बाजूला मी कधी गेलेच नाही रे. माझं सगळं दादरकडे. हे मात्र रोज जायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मी चालवत होतो, काकू शेजारी, डाव्या सीटवर. सुई उजवीकडे होती. डावीकडे भाताची शेतं कापणीला आली होती. काकू तिकडे बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "तुला बहिणी आहेत?"

"दोन."

"मला एक मुलगी होती. कुसुम. आम्ही दोघं तिला ठकू म्हणायचो. वर्षाचीही नव्हती. घटसर्प झाला. बाप डॉक्टर, पण..." त्यांनी पदर सारखा केला. "एवढ्या लहान मुलांना अग्नी देत नाहीत, माहीत आहे ना तुला? पुरतात. सासरे, हे आणि दवाखान्याचा कंपाउंडर, तिघं घेऊन गेले. बायका जात नाहीत. हे परत आले, मी विचारलं, कुठे ठेवलंत तिला? तर म्हणाले, 'नको विचारूस.' आणि तोंड असं झालं त्यांचं, की मी पुन्हा कधी विचारलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहिलो, एका ताटात जेवलो म्हण ना... पण ते नाही विचारलं. वाटायचं, सांगतील कधीतरी. आता सासरे नाहीत, कंपाउंडर नाही, हेही नाहीत. आणि मी चालले इंदूरला."

मी म्हणालो, "काकू, सुई बघा हं, उजवीकडेच आहे अजून."

आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. पण त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बघते. तू रस्ता बघ. मला एवढंच वाटतं रे, दत्तू, की कुठली माती ते तरी कळावं. सोडून जायचं तर काय सोडून जातेय ते नको का कळायला?"

जोगेश्वरी मागे पडली. ओशिवऱ्याच्या नाल्याच्या अलीकडे रस्ता थोडा वाकतो, तिथे डावीकडे एक कच्ची वाट शेतातून खाली उतरत होती. तिथे आलो आणि खट् असा आवाज झाला.

हे समजायला तेव्हाच्या गाड्या डोळ्यांसमोर आणायला हव्यात. वळताना लुकलुकणारे दिवे तेव्हा नव्हते. दोन दरवाजांच्या मधल्या खांबात वीतभर लांबीची पट्टी दडवलेली असे. डॅशबोर्डवरचं बटण फिरवलं की खांबातला विजेचा चुंबक तिला ढकलायचा आणि ती पट्टी आडवी बाहेर यायची, आत नारिंगी दिवा पेटलेला. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. आम्ही तिला सरळ 'हात' म्हणायचो.

डावा हात बाहेर आला होता. बटण मी फिरवलेलं नव्हतं.

"काकू, तुमचा हात लागला का बटणाला?"

"माझे हात मांडीवर आहेत."

सुईकडे बघितलं तर ती डावीकडे. अगदी टोकाला. पुढे गेलो तसा हात आपोआप आत गेला, पण सुई जागची हलेना, आणि गोरेगावचं वळण दिसायच्या आत इंजिन दोनदा खोकून गप्प झालं. परतीला बैल तेच, गाडीवानही तोच. म्हणाला, "काय साहेब, आज लवकर?"

माझ्या मनात मात्र दिवाळी होती. सापडला! हाताची तार! त्या काळच्या तारांवर कापड आणि रबर असायचं. जुनी झाली की रबर कडक होऊन तुटतं, खांबाच्या पत्र्याला तार घासते, खड्ड्यात गाडी आपटली की शॉर्ट. हात उठतो, करंट वाया जातो. पास्कलला सांगितलं तर तो म्हणाला, "आणि तो खड्डा रोज तिथेच? बरं. पण त्या हाताला किती करंट लागतो रे? चिमणीच्या चोचीएवढा. त्याच्यात अख्खी बॅटरी मरते?"

"शॉर्ट आहे म्हटलं ना."

"उलट्या, शॉर्ट असता तर गाडीला आग लागली असती."

त्याचं बरोबर होतं. म्हणूनच मी ऐकलं नाही. डाव्या हाताची तार मी बटणापासून सोडवली, हातापासून सोडवली, आणि अख्खीच्या अख्खी खांबातून ओढून बाहेर काढली. तिची गुंडाळी करून खिशात टाकली. आता डाव्या हाताकडे करंट जायला गाडीत रस्ताच उरला नव्हता. बॅटरी भरून घेतली आणि काकूंना निरोप पाठवला.

त्या दिवशी त्या पांढरं पातळ नेसून आल्या होत्या. भावाचं पत्र आलं होतं, तो आठवड्यात पोचणार होता. गाडीत बसताना त्या थांबल्या, सीटवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "इथे फुलं असायची. सोनचाफ्याच्या दिवसांत दुपारी जेवायला आले की ह्या सीटवर पानात गुंडाळलेली पुडी. आमचे हे काही बोलणाऱ्यांतले नव्हते हो. पुडी पुढे करायची आणि हात धुवायला जायचं. मी विचारलं तर म्हणाले, 'एका पेशंटच्या दारात झाड आहे.' मी रोज माळायची. आता काय..."

आता काय ते मला कळत होतं. नवरा गेल्यावर बाईनं फूल माळायचं नाही हे तेव्हा कुणी सांगावंही लागत नसे. आणि झटकलेल्या त्या पाकळ्या आठवून मी अॅमीटरची काच पुसत बसलो. ती स्वच्छच होती.

निघालो. आंबोली गेली, जोगेश्वरी गेली. सुई उजवीकडे. मी शीळ वाजवत होतो, असं काकू नंतर म्हणाल्या. मला आठवत नाही. रस्ता वाकला, शेतात उतरणारी वाट दिसली.

खट्.

डावा हात बाहेर. आणि आतला दिवा पेटलेला. सकाळच्या उन्हातही दिसत होता, नारिंगी, स्थिर.

मी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मध्ये उभी. खिशात हात घातला, तर तारेची गुंडाळी तिथेच. ती बाहेर काढून मी काकूंना दाखवली, जणू त्यांनी माझ्यावर चोरीचा आळ घेतला होता. "काकू, तार ही आहे. हीच. ह्याच्याशिवाय... तो दिवा... ही तार आहे ना, हिच्यातूनच..." भीती वाटली की देवाचं नाव घ्यावं म्हणतात. माझ्या तोंडातून 'कट-आउट, कट-आउट' एवढंच येत होतं. खोटं कशाला सांगू, मी दार उघडून एक पाय खाली टाकला होता. पळायचं कुठे ते ठरत नव्हतं म्हणून दुसरा आत राहिला.

काकू त्या हाताकडे बघत होत्या. काचेतून, मान वळवून. त्यांच्या तोंडावर भीती नव्हती. एखाद्याचं बोलणं अर्धवट ऐकू यावं आणि आपण श्वास धरून पुढचं ऐकावं, तसा चेहरा.

"दत्तू," त्या म्हणाल्या, "वळव."

"काकू, तिकडे रस्ता नाही. शेतं आहेत. पुढे चिखल, नाला..."

"गाडी हात दाखवते आहे ना? मग वळव."

"अहो पण तो दोष आहे! फॉल्ट!"

"असेल. वळव तू."

मी पाय आत घेतला, दार लावलं आणि वळवली. चाक कच्च्या वाटेवर उतरलं तसा हात आपसूक खांबात जाऊन बसला. सवयीनं मी सुई बघितली. ती उजवीकडे होती. वाटेवर गाडी धडपडत होती, इंजिन मंद होतं, अशा वेळी ती मधोमध तरी यायला हवी. पण होती उजवीकडे.

वाट एका बांधाशी संपली. पलीकडे गवताचा तुकडा, त्यात इकडे तिकडे दगड ठेवलेले, काहींना कधीतरी शेंदूर लागलेला. कडेला एक झोपडं आणि दूरवर म्हशींचा तबेला. आणि बांधाला लागून एकच मोठं झाड. सोनचाफा. पाऊस संपून गेला होता तरी शेवटची फुलं होती त्याच्यावर. तो वास मात्र मलासुद्धा आला.

गाडीचा आवाज ऐकून झोपडीतून एक बाई हात पुसत धावत आली. आम्हाला बघितलं आणि मधेच थांबली. गाडीत वाकून बघितलं.

"डाक्टर खंय असत?" तिनं विचारलं. मालवणकडची होती, नवरा त्या तबेल्यात कामाला. नाव सगुणा. "कितके दिवस झाले, इले नाय. आजारी असत काय?"

काकू उतरल्या. "गेले हो ते," म्हणाल्या. "मी त्यांची मंडळी."

सगुणाबाई मटकन बांधावर बसली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "रोज येयत. सकाळी. ह्या झाड तेंच्याच हातचा. मी हयसर इलंय तेव्हा कमरेएवढा होता. पावसाळो सोडून माका पाणी घालूक सांगीत. गाडी हयसर उभी करीत, झाडाक हात लावून उभे ऱ्हवत. मगे फुला काढीत, पानात बांधीत. आणि जातांना म्हणत, 'येतो गं ठकू.'" ती काकूंकडे बघून हसली, रडता रडता. "माका वाटला, झाडाचाच नाव ठकू."

 काकू झाडाजवळ गेल्या. हात लावायला पुढे केला आणि मागे घेतला. मग दुसऱ्याच कुठल्या तरी गोष्टीसाठी तो हात वर गेला, मागे, अंबाड्याकडे. तिथे चाचपला. काही नव्हतं तिथे.

"अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणजे मी... रोज... तिचीच..."

आणि खाली बसल्या. झाडाच्या बुंध्याशी, ओल्या गवतात, पांढऱ्या पातळासकट. त्या रडल्या ते मी सांगत नाही. मी गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा राहिलो. आत बघण्यासारखं काही नव्हतं. डायनॅमोवर हात ठेवला होता, तो गरम होता, एवढंच आठवतं. मागून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. माझ्याशी नव्हतं, सगुणाबाईशीही नव्हतं. "सांगायचं होतं हो. एकदा तरी न्यायचं होतं मला. रोज पुडी आणलीत, आणि तेवढं नाही सांगितलंत..." रागावल्या होत्या त्या. नवऱ्यावर बायको रागावते तशाच.

निघताना सगुणाबाईनं सवयीनं चार फुलं तोडली, चाफ्याच्या पानात बांधली आणि पुडी काकूंपुढे धरली. मग एकदम तिच्या लक्षात आलं. कपाळावरून, मोकळ्या मनगटांवरून तिची नजर फिरली आणि हात मागे जायला लागला.

काकूंनी पुडी तिच्या हातातून घेतली. सोडली. एक फूल काढलं आणि अंबाड्यात खोचलं. अंधेरीत विधवा बाईनं फूल माळलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. गाडीत बसताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे त्यांच्या नावाचं नाही. लेकीनं दिलंय. कुणी विचारलं तर सांग तसं."

कुणी विचारलं नाही. अंधेरीला आम्ही पोचलो ते बैलांशिवाय. गाडीवान नाक्यावर वाट बघत उभा होता, त्याची निराशा झाली.

आता तुम्ही विचाराल, कारण काय? पास्कलनं डोकं लढवलं. म्हणाला, हाताची स्प्रिंग सैल असेल, त्या वाकणावर धक्का बसून तो नुसता उडाला असेल. मी म्हणालो, असेल, आणि दिवा? तो बराच वेळ हातोडीशी खेळत बसला आणि मग म्हणाला, "दत्तू, चहा पिऊ." उलटा म्हणाला नाही, हे मी लक्षात ठेवलं. सुई का पडायची, बॅटरी का मरायची, ह्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं आणि नंतर चाळीस वर्षं गाड्यांत डोकं घालूनही सापडलं नाही. गाडी पुढे शेटनी घेतली. दर दिवाळीला बोरिवलीहून येऊन जायचे, शेडसमोर मुद्दाम हॉर्न वाजवायचे. एकदाही बंद पडली नाही.

फक्त तो डावा हात. गाडी विकायच्या आधी मी त्याला नवी तार घातली, चुंबकाची नवी गुंडाळी घातली, दिवा बदलला. बाहेर काढून टेबलावर बॅटरीला जोडला की फटकन उठायचा. गाडीत बसवला की मेलेला. बटण फिरवा, आपटा, शिव्या द्या, काही नाही. मी सोडणारा माणूस नव्हे, पण ते काम सोडलं.

काकू इंदूरला निघाल्या त्या सकाळी, गाडी अजून शेटना द्यायची होती तेव्हा, मला म्हणाल्या, "एकदा जाऊन येऊ." भाऊ सामान बांधत होता, त्याला सांगितलं नाही. आम्ही दोघंच. रस्त्यावर कुणी नव्हतं. ओशिवऱ्याचं ते वाकण आलं, डावीकडची वाट दिसली, आणि माझा हात सवयीनं डॅशबोर्डवरच्या बटणाकडे गेला. मग आठवलं की त्याचा उपयोग नाही.

तेवढ्यात शेजारून काच खाली घेतल्याचा आवाज आला. काकूंनी डावा हात खिडकीबाहेर काढला होता. आडवा, सरळ, बांगड्या नसलेला. मागे गाडी नव्हती, पुढे गाडी नव्हती, कुणासाठी दाखवत होत्या ते मी विचारलं नाही. चाक वाटेवर उतरेपर्यंत त्यांनी तो तसाच धरून ठेवला.

सुई तेव्हा कुठे होती ते मी बघितलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं बघायला हवी होती.